मुलीच्या नव्या एमपी३ प्लेयरमध्ये गाणी टाकताना: केबल, कॅसेटी आणि गाण्यांचा क्रम

ताई, आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा सांगतो. मुलीच्या आठव्या वाढदिवसाला छोटा एमपी३ प्लेयर घेतलात, मोबाईल हातात द्यायचा नाही म्हणून, आणि ते फार चांगलं केलंत. त्यात ३२ जीबीचं कार्ड आहे. लॅपटॉपला लावला की नुसता चार्ज होतो, आतलं काही दिसत नाही. फोनमधल्या ॲपमध्ये बालगीतं डाऊनलोड केलेली आहेत पण फाइल म्हणून ती कुठेच सापडत नाहीत. सासऱ्यांच्या सीडीवरून गाणी कॉपी केली तर ती वाजत नाहीत, आणि त्यांच्याकडे एक खोकंभर कॅसेटीपण आहेत. शेवटी कोपऱ्यावरचा मोबाईलवाला म्हणतोय की पाचशे रुपयांत पाच हजार गाणी भरून देतो, तर त्याच्याकडूनच भरून घेऊ का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. नका घेऊ भरून.

मी पुण्यात तपकीर गल्लीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराच्या, आसपास बरीच वर्षं हेच काम केलंय. साध्या फोनात मेमरी कार्ड घालायची सोय आली तेव्हा दुकानादुकानाबाहेर पाटी असायची, 'गाणी टाकून मिळतील'. लोक कार्ड काढून काउंटरवर ठेवायचे आणि विचारायचे किती बसतील, कोणती हे विचारणारा दिवसातून एखादा. ती गाणी कुणाच्या परवानगीची नव्हती म्हणून पुढे मी ते काम सोडलं, आता फक्त लोकांच्या घरच्या कॅसेटी, सीडी डिजिटल करून देतो. पण त्या काळात एक गोष्ट बघितली ती मुलांच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. पाच हजार गाणी म्हणजे चार मिनिटांचं एक धरलं तरी वीस हजार मिनिटं, सव्वातीनशे तासांच्या वर. रोज एक तास ऐकलं तरी सगळी एकदा ऐकून व्हायला अकरा महिने लागतात. मूल काय करतं मग, पुढचं पुढचं पुढचं बटण दाबत बसतं, दहा सेकंद एक, दहा सेकंद दुसरं, आणि आठवड्याभरात प्लेयर खेळण्यांच्या टोपलीत जातो.

माझी स्वतःची मुलगी सहा वर्षांची असताना हेच झालं. तिच्या प्लेयरमध्ये मी हौसेने हजारेक गाणी टाकली होती, वापरेचना. मग सगळं पुसलं आणि चार फोल्डर केले, प्रत्येकात दहा. आणि मग मला दिसलं की तिला स्क्रीनवरचं वाचायची गरजच पडत नव्हती, ती जागेवरून ओळखत होती, तिसऱ्या फोल्डरमधलं पाचवं म्हणजे तिचं आवडतं, अंधारात पांघरुणाखालीसुद्धा बटणं मोजून बरोबर तिथे जायची. आपल्याला लहानपणी कॅसेटची बी साईड लावली की कुठल्या गाण्यानंतर कुठलं हे पाठ असायचं ना, अगदी तसंच. म्हणून माझं सगळं सांगणं या एकाच गोष्टीभोवती आहे: गाणी थोडी टाका आणि त्यांचा क्रम कधी हलू देऊ नका. पन्नास पुष्कळ झाली. बाकी सगळी तांत्रिक खटपट आहे ती यासाठीच.

आता नुसतं चार्जिंग होण्याचं. दहातल्या सात वेळा केबलचा दोष असतो हे मी अनुभवाने सांगतो. यूएसबीच्या केबलमध्ये चार तारा लागतात, दोन वीज न्यायला आणि दोन डेटा न्यायला, पण स्वस्त वस्तूंबरोबर येणाऱ्या, पंख्याच्या, टॉर्चच्या केबलींमध्ये डेटाच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात. घरात अशी केबल शोधा जिच्यावरून तुम्ही आधी कधीतरी फोनमधले फोटो लॅपटॉपवर घेतले होते, ती लावून बघा. दुसरं, प्लेयरला सी टाइपचं भोक असेल आणि तुमची केबल दोन्हीकडून सी असेल तर काही स्वस्त प्लेयर तिच्यावर चार्जसुद्धा होत नाहीत, कारण समोरच्या चार्जरला 'इथे काहीतरी जोडलंय' हे कळण्यासाठी जे दोन छोटे रेझिस्टर लागतात ते बनवणाऱ्याने पैसे वाचवायला गाळलेले असतात. यात प्लेयर बिघडलेला नसतो, लॅपटॉपच्या चौकोनी जुन्या पोर्टात बसणारी केबल घ्या, काम होतं. तिसरं, काही प्लेयर जोडल्यावर स्वतःच्या स्क्रीनवर विचारतात की चार्ज करू की डेटा, तिकडे बघायला माणूस विसरतो. आणि सेटिंगमध्ये एमटीपी आणि एमएससी असे दोन प्रकार दिसले तर एमएससी निवडा, म्हणजे तो सरळ पेनड्राइव्हसारखा उघडतो. मॅक असेल तर एमएससीच लागतं, मॅकला एमटीपी आपणहून कळत नाही.

हे सगळं करूनही जमलं नाही तर अडून बसू नका, कार्ड बाहेर काढा, साठ-सत्तर रुपयांचा कार्ड रीडर मिळतो, त्यात घालून थेट कार्डावर टाका. मी तर नेहमी असंच करतो, जास्त भरवशाचं आहे आणि प्लेयरचा नाजूक पोर्टही वाचतो.

कार्डाबद्दल दोन शब्द. ३२ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरवर २९ जीबीच्या आसपास दिसतं, फसवलेलं नाही, कंपनी एक जीबी म्हणजे हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. तुमच्याकडे ३२ आहे हे उत्तम, कारण ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट झालेली असतात आणि साध्या प्लेयरना तीच वाचता येते. ६४ आणि वरची कार्डं एक्सफॅट पद्धतीची येतात, ती घातली की बरेच प्लेयर 'कार्ड नाही' म्हणतात आणि लोक कार्ड बदलायला दुकानात भांडायला येतात. मोठं कार्ड घालायचंच असेल तर ते फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून घ्यावं लागतं, बहुतेक कॉम्प्युटरवर विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत तो पर्याय येत नाही, रुफस नावाच्या फुकट प्रोग्रामने होतं. पण मुलीला गरजच काय, पन्नास गाण्यांना २ जीबीसुद्धा जास्त होतात. आणि तीनशे रुपयांत ५१२ जीबी असं कार्ड कुठे दिसलं तर हातही लावू नका, आत असतं ८ किंवा १६ जीबी आणि वर खोटं लेबल, भरलं की नंतरची गाणी आधीच्यांवर लिहिली जातात आणि अर्धी वाजतच नाहीत. शंका असली तर विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि मॅकवर एफ३ नावाची फुकट तपासणी आहे, ती पूर्ण कार्ड लिहून परत वाचून बघते. कार्ड रिकामं असतानाच करा.

आता ॲपमधल्या गाण्यांचं. ती मिळणार नाहीत, शोधण्यात वेळ घालवू नका. स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्युझिक, स्टोरीटेल, कुठलंही घ्या, तिथे 'डाऊनलोड' याचा अर्थ नेट नसताना त्याच ॲपमध्ये ऐकता येणं एवढाच असतो. फाइल कुलूपबंद असते, तुम्ही महिन्याचे पैसे ऐकण्याचे भरता, फाइलीचे नाही. आणि यूट्यूबच्या लिंकवरून एमपी३ काढून देणाऱ्या साइट असतात त्या मी मुलांच्या बाबतीत तर अजिबात सुचवणार नाही, परवानगीचा प्रश्न आहेच पण त्या पानांवर मोठं हिरवं डाऊनलोडचं बटण दाबलं की गाण्याऐवजी भलताच प्रोग्राम उतरतो, अशाने बिघडलेले लॅपटॉप मी किती साफ केलेत. विकत घेऊन फाइल मिळवायची असेल तर ॲपलचं आयट्यून्स स्टोअर आहे, तिथली गाणी २००९ पासून बिनकुलुपाची येतात, फक्त एमफोरए प्रकारात असतात म्हणून प्लेयरला चालतात का बघा, नाहीतर एमपी३ करून घ्या. स्वतंत्र कलाकारांची गाणी बँडकॅम्पवर थेट एमपी३ मध्ये विकत मिळतात. पण खरा खजिना तुमच्या सासऱ्यांच्या कपाटातच आहे.

सीडी. तुम्ही कॉपी केलेल्या फाइली एकेक केबीच्या असतील आणि नाव ट्रॅक०१ डॉट सीडीए असं असेल, बरोबर ना? त्या फाइलीत गाणं नसतंच, 'गाणं सीडीवर इथून इथपर्यंत आहे' एवढी चिठ्ठी असते, ४४ बाइटची. चिठ्ठी प्लेयरमध्ये टाकली तर वाजणार काय. ऑडिओ सीडीवरून गाणं 'रिप' करावं लागतं म्हणजे वाचून नवीन फाइल बनवावी लागते. जुन्या विंडोज मीडिया प्लेयरमध्ये रिपचं बटण आहे पण दाबायच्या आधी सेटिंगमध्ये फॉरमॅट एमपी३ करा, नाहीतर डब्ल्यूएमए होतं. मला फ्री:एसी जास्त आवडतं, फुकट आहे आणि साधं आहे. सीडीवर चरे असतील तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरा, ते तोच तुकडा परत परत वाचून खात्री करतं, वेळ खातं पण टकटक आवाज येत नाही. लॅपटॉपला सीडीची खाच नसेल तर बाहेरून लावायचा यूएसबी ड्राइव्ह मिळतो, विकत घेण्यापेक्षा कुणाकडून आठवडाभर उसना घ्या.

पण रिप करायच्या आधी प्रत्येक सीडी उघडून बघा, कारण आपल्याकडे सीडी म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि वरून सगळ्या सारख्याच. ऑडिओ सीडीत जेमतेम ७४ ते ८० मिनिटं बसतात. कव्हरवर 'एमपी३' लिहिलं असेल किंवा एकाच सीडीत पन्नास-शंभर गाणी असतील तर ती एमपी३ सीडी, तिला रिप-बिप काही नको, फाइली उचलायच्या आणि ठेवायच्या. तिसरी व्हीसीडी, बालगीतांची कार्टूनवाली ती हीच, घरोघरी असायची. तिच्यात एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर असतो आणि त्यात डॉट डीएटीच्या मोठ्या फाइली. त्या व्हीएलसी नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये उघडा आणि मीडियाच्या मेनूत कन्व्हर्टमध्ये जाऊन ऑडिओ एमपी३ निवडा, चित्र गळून नुसता आवाज उरतो. पुष्कळ लोक व्हीसीडी फेकून देतात की आता कोण बघणार, पण ऐकायला त्या छान असतात.

किती केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला किती डेटा ठेवून, रिप करायचं असं विचारतील लोक. १२८ ला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, ३२० ला अडीचच्या जवळ. छोट्या प्लेयरवर आणि लहान मुलांच्या हेडफोनवर १९२ ठेवा, भांडण मिटलं. सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झ. आणि व्हीबीआर (बदलता दर) नको, सीबीआर (एकसारखा दर) ठेवा, स्वस्त प्लेयर व्हीबीआर फाइलचा वेळ चुकीचा दाखवतात आणि पुढे सरकवताना गोंधळतात.

कॅसेटींचं मात्र घाईत करू नका, इथे मी जरा थांबून सांगतो कारण इथे चूक झाली तर परत मिळत नाही. पहिली गोष्ट, दुकानातून आणलेल्या कॅसेटी आणि घरी टेप केलेल्या कॅसेटी वेगळ्या करा. घरी टेप केलेल्यांमध्ये कुणाचा आवाज असेल सांगता येत नाही, बारसं, मुंज, आजीने म्हटलेली गाणी, बरेचदा गाण्याच्या शेवटी कुणीतरी बोलतं आणि तेच मौल्यवान असतं. अशा कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक प्लास्टिकच्या चकत्या असतात, त्या शाबूत असतील तर आधी मोडा. त्या असतील तोवर त्या कॅसेटवर परत रेकॉर्डिंग होऊ शकतं, आणि आठ वर्षांच्या मुलीच्या बोटाला लाल बटणाचं आकर्षण असतंच. एका बाईंच्या वडिलांचा एकमेव आवाज असलेली कॅसेट अशी दहा सेकंद पुसली गेलेली माझ्याकडे आली होती, त्या दहा सेकंदांचं मी काहीच करू शकलो नाही.

मग खिडकीतून टेप बघा. पांढरी भुरी दिसली, कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत हटकून असते, तर ती बुरशी आहे, ती कॅसेट डेकमध्ये, म्हणजे टेपरेकॉर्डरमध्ये, घालू नका, टेप वाचणारं हेड खराब होईल आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही लागेल, ती जाणकाराकडून साफ करून घ्या. टेपच्या मागे स्पंजचा छोटा तुकडा असतो, तो पडला असेल तर आवाज घुसमटलेला येतो, पाच स्क्रूवाली दुसरी रिकामी कॅसेट घेऊन टेपची दोन्ही चाकं तिच्यात बसवता येतात. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे करा, चिकटलेली टेप सैल होते. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसा. पोकळ, दबका आवाज येत असेल आणि 'स'चा 'स' ऐकू येत नसेल तर हेडची तिरपाई हललेली असते, हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू कॅसेट वाजत असताना अगदी थोडा थोडा फिरवायचा, जिथे आवाज सर्वात उजळ तिथे थांबायचं. हे ऐकायला अवघड वाटतं, पण एकदा केलंत की कान सांगतो.

जोडणी: डेकच्या हेडफोनच्या भोकातून केबल लॅपटॉपला. पण इथे फसतात लोक. आजच्या लॅपटॉपला एकच गोल भोक असतं, ते फोनच्या हेडसेटसारखं, त्यात माइक एकाच चॅनेलचा असतो, कॅसेटचा स्टिरिओ आवाज त्यातून नीट जात नाही. लाइन इन लिहिलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. रेकॉर्डिंग ऑडॅसिटी नावाच्या प्रोग्राममध्ये, फुकट आहे, आवाज मोजणारी मीटरं दिसतात त्यात सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा, लाल लागलं की तो भाग फाटतो आणि नंतर शिवता येत नाही. एक साठची कॅसेट म्हणजे एक तास बसावंच लागतं, जलद काही होत नाही. सगळं एकत्र रेकॉर्ड करून ठेवा, तुकडे नंतर पाडा, आणि ती मूळ मोठी फाइल एमपी३ नाही तर दर्जा न घटवणाऱ्या वेव्ह प्रकारात जपून ठेवा. टेपच्या मागचा सरसर आवाज काढायच्या फिल्टरचा मोह कमी ठेवा, सरसर जाते पण आवाजातला जीवही जातो.

एक गोष्ट जी कुठल्याही दुकानात मिळणार नाही. आजी-आजोबांना फोनवर बोलायला लावा, एक गोष्ट, एक अंगाई, पाढे, संध्याकाळचा परवचा, तिच्या नावाने हाक मारून सुरुवात. हा फोल्डर मुलं सगळ्यात जास्त वाजवतात, मी शंभर घरांत बघितलंय. फक्त व्हॉट्सॲपवरून आलेला व्हॉइस मेसेज ओपस प्रकारचा असतो आणि फोनच्या रेकॉर्डरचा एमफोरए किंवा थ्रीजीपी, साध्या प्लेयरला तो कळत नाही. नाव बदलून मागे एमपी३ लिहिलं की एमपी३ होत नाही, व्हीएलसीतून किंवा ऑडॅसिटीतून खरंच बदलून घ्यावं लागतं. बोलण्याला ६४ केबीपीएस आणि मोनो पुरतं, मिनिटाला अर्धा एमबी. रेकॉर्ड करताना पंखा बंद, कुकर नको, आणि फोन आजीच्या तोंडासमोर न धरता जरा बाजूला, वीतभर अंतरावर, नाहीतर 'प' आणि 'फ'ला फुंकर येते.

नावं. तुम्ही मराठीत नावं टाकलीत आणि चौकोन दिसले असं होण्याची शक्यता फार आहे. स्वस्त प्लेयरमध्ये देवनागरी फॉन्ट नसतो, आणि असला तरी जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. मला याचं खरंच वाईट वाटतं, मुलीने आपल्या भाषेत वाचावं, पण आज तरी इंग्रजी अक्षरांत मराठी नाव लिहिणं हाच उपाय आहे. फाइलच्या नावाशिवाय गाण्याच्या आतही एक नाव दडलेलं असतं, टॅग म्हणतात, प्लेयर बरेचदा तेच दाखवतो, म्हणून तुम्ही फाइलचं नाव बदललं तरी स्क्रीनवर जुनंच किंवा कुठल्यातरी वेबसाइटचं नाव दिसतं. एमपी३टॅग नावाच्या प्रोग्रामने सगळे टॅग एका फटक्यात बदलता येतात, किंवा सरळ पुसून टाका म्हणजे फाइलचं नाव दिसेल. ठेवणार असाल तर आयडी३ या टॅगच्या पद्धतीची २.३ आवृत्ती ठेवा, २.४ जुन्या प्लेयरना वाचता येत नाही. कव्हरचं चित्र लहान, ५०० बाय ५०० पिक्सेलपर्यंत, मोठं चित्र असलं की गाणं सुरू व्हायलाच वेळ लागतो.

आणि आता क्रम, ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय. फॅट३२ मध्ये फोल्डर म्हणजे एक वही समजा, जी फाइल आधी आली तिचं नाव वरच्या ओळीवर, नंतर आली ती खाली. कॉम्प्युटर आपल्याला दाखवताना नावाप्रमाणे लावून दाखवतो त्यामुळे सगळं ठीक दिसतं, पण बरेच छोटे प्लेयर ती वही सरळ वरून खाली वाचतात. म्हणून ०१, ०२, ०३ असे आकडे टाकूनही गाणी उलटसुलट वाजतात. तुमचा प्लेयर कुठल्या जातीचा आहे ते पाच मिनिटांत कळतं, रिकाम्या फोल्डरमध्ये आधी ०३ टाका, मग ०१, मग ०२, आणि वाजवून बघा. ०१ पासून सुरू झालं तर नावाप्रमाणे लावणारा आहे, काळजी मिटली. ०३ पासून झालं तर वही वाचणारा आहे, मग कॉपी करताना काळजी घ्या: नावाप्रमाणे लावा, सगळी निवडा आणि ओढताना माउस पहिल्या फाइलवर धरा, कारण ज्या फाइलला धरून ओढाल ती आधी जाते. आणि मधलं एखादं गाणं काढून नवीन टाकलं तर ते शेवटी जाईलच असं नाही, पुसलेल्या गाण्याची वहीतली ओळ रिकामी झालेली असते, कधी नवीन गाणं तिथे घुसतं, कधी शेवटी जातं आणि मुलीचं पाचवं गाणं चौथं होतं. तिला ते लगेच कळतं आणि राग येतो. म्हणून बदल करायचा तर पूर्ण फोल्डर पुसून परत भरा, किंवा विंडोजवर ड्राइव्हसॉर्ट, लिनक्सवर फॅटसॉर्ट, या प्रोग्रामांनी वही नीट लावून घ्या. नवीन गाणी शक्यतो नव्या फोल्डरमध्येच टाका, जुन्याला हात नको.

मॅकवरून टाकत असाल तर कार्डावर प्रत्येक गाण्याच्या जोडीला टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल तयार होते, मॅकवर दिसत नाही पण प्लेयरमध्ये ती गाणं म्हणून दिसते आणि वाजत नाही, एक सोडून एक गाणं बंद. टर्मिनलमध्ये, म्हणजे मॅकच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, डॉट क्लीनची आज्ञा दिली की जातात.

आवाजाचं राहिलं, ते सगळ्यात शेवटी लिहितोय पण शेवटचं समजू नका. कॅसेटवरून घेतलेलं गाणं हळू असतं आणि आजकालचं सिनेमाचं गाणं ठणठणीत, मूल हळू गाण्याला आवाज वाढवतं आणि पुढचं गाणं कानात धाडकन येतं. एमपी३गेन नावाचा जुना प्रोग्राम सगळी गाणी एका पातळीला आणतो, दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी आवाज बदलतो आणि गाणं परत कॉम्प्रेस करत नाही त्यामुळे दर्जा जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास आणि ७५ डेसिबल, मोठ्यांसाठी ८० आहे. प्रत्येक ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो, म्हणजे ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५. बाजारात 'मुलांसाठी सुरक्षित' म्हणून जे हेडफोन मिळतात ते बहुतेक ८५ ला अडवतात, म्हणजे तिथेही वेळ बघावा लागतोच. कानात घुसणारे इअरफोन देऊ नका, वरून बसणारे द्या. प्लेयरमध्ये जास्तीत जास्त आवाजाची मर्यादा लावायची सोय आहे का सेटिंगमध्ये शोधा, ती लावून टाका. आणि स्पीकर असेल तर घरात स्पीकरवरच ऐकू द्या, जेवताना सगळ्यांनीच ऐकलं तर काय बिघडतं.

काढताना दर वेळी सेफली रिमूव्ह करा, खेचून काढलेल्या कार्डाची ती वही फाटते आणि फोल्डरच्या जागी विचित्र चिन्हं दिसतात. आणि कार्डात जे आहे तेच हुबेहूब, त्याच फोल्डरांनी, लॅपटॉपवर एका जागी ठेवा, प्लेयर एक दिवस बादलीत पडणार आहे.

तर आज फक्त केबल बदलून बघा आणि ०३, ०१, ०२ वाली परीक्षा घ्या, सीडींचं रविवारी मुलीला शेजारी बसवून करा, कुठलं गाणं पहिलं आणि कुठलं दुसरं हे तिलाच ठरवू द्या, आणि कॅसेटींना सुट्टी लागेपर्यंत हात लावू नका, चकत्या मोडण्याखेरीज, ते मात्र आजच संध्याकाळी करा.